पतीचा व्यवसाय : शेती

जून लागला की आमच्या लातुरात ढगांच्या आधी गाद्या दिसायला लागतात. सुतळीनं करकचून बांधलेल्या, रिक्षाच्या टपावर, एसटीच्या डिकीत, बापाच्या खांद्यावर. हिमायतनगरहून, नांदेडहून, जळकोटहून, कुठून कुठून पोरं येतात डॉक्टर व्हायला. मागे आई पत्र्याची पेटी धरून, तिच्या पिशवीत लाडवांचा डबा. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, ''फिजिक्सला कोण हाय हो इथं चांगलं?''

माझ्या ऑफिसची खिडकी या क्लासच्या गल्लीवरच उघडते. मी एका कर सल्लागाराकडे कामाला आहे. गावात कर सल्लागाराला वकीलसाहेबच म्हणतात, मीही म्हणते. आधी टाइपरायटरवर बसायचे, आता कॉम्प्युटरवर बसते, एवढाच काय तो माझा उत्कर्ष. तर परवा वकीलसाहेबांकडे येणारं करांचं मासिक चाळत होते आणि एका कोपऱ्यात चार ओळी दिसल्या. परदेशात कुठेतरी असा विचार चालला आहे म्हणे, की सैनिकाच्या बायकोला जो मालक नोकरी देईल त्याला करात सवलत द्यावी. सैनिकाची सारखी बदली होते, म्हणून तिला कुणी ठेवत नाही. तेव्हा ठेवणाऱ्याचा थोडा तोटा सरकारनं सोसावा.

चार ओळी मी तीनदा वाचल्या. चहावर साय धरली. समोरच्या गल्लीतून एक गादी चालली होती, तिच्याखालचा माणूस दिसत नव्हता, नुसते पाय दिसत होते. आणि मला एकदम रडू फुटलं. वकीलसाहेबांना वाटलं, रिटर्नमध्ये काही चुकलं.

रिटर्नमध्ये मी कधी चुकत नाही. चुकले ते एकाच रकान्यात, आणि तो माझ्या धाकट्या बहिणीच्या फॉर्मातला होता.

*

सुनंदा माझ्याहून सात वर्षांनी लहान. आमचं माहेर नांदेडचं, वडील तहसिलीत कारकून. घरात हुशारी आली ती सगळी तिच्या वाट्याला, मला टायपिंग आलं. भूकंप झाला तेव्हा ती नांदेडला फिजिक्स घेऊन एम.एस्सी. करत होती. मी लातुरात संसार थाटला होता. त्या पहाटेनंतर कित्येक आठवडे आम्ही अंगणात झोपलो, भांडं पडलं तरी पळत सुटायचो. सुनंदा मात्र कॉलेजच्या पोरापोरींबरोबर ट्रकमध्ये बसून थेट किल्लारीकडे गेली. वडील नको नको म्हणत राहिले.

तिथे तिला नामदेवराव भेटले. जळकोटचे, फौजेत नाईक. गणपतीच्या सुट्टीवर घरी आले होते. घरच्यांना ''बघून येतो'' सांगून निघाले ते आठ दिवस दगडच उपसत राहिले. अंगावर बनियन आणि लुंगी. फौजेच्या तुकड्या वर्दीत काम करत होत्या, आणि हा एक फौजी वर्दीशिवाय. सुनंदानं त्यांना गावकरी समजून दटावलं होतं, ''जरा बसा की, हातातनं रक्त येऊन राहिलंय.''

ते म्हणाले, ''सुट्टी मला हाय मॅडम, हातान्ला न्हाई.''

हे वाक्य तिनं मला इतक्या वेळा सांगितलं, की पुढे मीच आधी म्हणून टाकायचे आणि ती चिडायची. ढिगाऱ्यातून एक म्हातारी जिवंत निघाली तेव्हा दोघं शेजारी शेजारी उभे होते. लग्नाचं तिथेच ठरलं म्हणायचं. वडिलांनी फार विरोध केला नाही. त्या वर्षी कुणालाच कशाला फार विरोध करायचं बळ उरलं नव्हतं.

*

लग्नानंतर काळी ट्रंक आली. तिच्यावर पांढऱ्या रंगात नामदेवरावांचा नंबर आणि नाव. ती ट्रंक घेऊन सुनंदा तीन वर्षांत तीन छावण्या फिरली. प्रत्येक ठिकाणी शाळा शोधायची, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बाळंतपणाला गेलेलं असायचं, त्या जागेवर ती चार महिने शिकवायची. अनुभवाचे दाखले तिच्याकडे ढीगभर होते. पाच महिने, चार महिने, सात महिने. सगळ्यांवर शेवटी एकच ओळ : नोकरी सोडण्याचे कारण, पतीची बदली.

तिला एकदा, फक्त एकदा, एखाद्या वर्गाला पहिल्या धड्यापासून शेवटच्यापर्यंत शिकवायचं होतं. ''अक्का, मी पोरांना विजेपर्यंत आणते आणि प्रकाश दुसराच कुणी शिकवतो,'' म्हणायची.

मग नामदेवरावांना वर, बर्फाच्या बाजूला धाडलं. तिथे बायकोला नेता येत नाही. ती ट्रंक घेऊन माझ्याकडे लातूरला आली. तेव्हा लातूर पॅटर्नचं नाव सगळीकडे झालं होतं. ज्या गल्ल्यांत भूकंपानंतर लोक पत्र्याखाली झोपत होते, तिथे पत्र्याखाली क्लास भरायला लागले होते. फिजिक्सचा माणूस मिळाला की क्लासवाले पेढे वाटायचे. मी म्हटलं, हिला तर डोक्यावर घेऊन नाचतील.

नाचले तसे. पहिल्या क्लासचे सर मिस्टर काय करतात विचारून, फौजेत म्हटल्यावर खुर्चीतून उठून उभे राहिले. ''वा! आमचं भाग्य!'' म्हणाले. तिच्यासाठी स्पेशल चहा मागवला. मग बशी पुसत पुसत म्हणाले, ''पण मॅडम, ऑक्टोबरात तुमची बदली झाली तर माझ्या पोरांच्या पोर्शनचं काय?''

''त्यांची होते, माझी नाही,'' सुनंदा म्हणाली. ''अन् तिकडं फॅमिली नेता येत नाही.''

''आज नेता येत नाही, उद्या येईल की.''

दुसऱ्याकडे तेच, तिसऱ्याकडे तेच. चौथ्यानं तर तिच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. चार ठिकाणी सलाम मिळाला, चार ठिकाणी चहा मिळाला, नोकरी मिळाली नाही. मी त्यांना शिव्या घातल्या, पण खरं सांगायचं तर ते खोटं बोलत नव्हते. अर्ध्या वर्षात मास्तर गेला तर पोरं समोरच्या क्लासात जातात. देशाची चाड होती त्यांना. फक्त तिची किंमत आपण भरायची त्यांची तयारी नव्हती.

*

आता माझी चूक.

कर सल्लागाराकडे बसणाऱ्या बाईला एक कळतं, कुठल्या रकान्यात काय लिहिलं की पुढचे प्रश्न येत नाहीत. आपल्याकडे शेतीला कर नाही, शेती लिहिली की प्रश्न थांबतात. आमच्या ऑफिसात हे रोज चालायचं. पाचव्या क्लासचा फॉर्म सुनंदा माझ्या स्वयंपाकघरात बसून भरत होती. 'पतीचा व्यवसाय' पाशी तिचं पेन अडलं.

''शेती लिही,'' मी म्हटलं.

''अक्का!''

''खोटं कुठंय? जळकोटला जमीन हाय न्हाई त्यांची? कसतो दीर, पण नावावर तर हाय.''

तिनं बराच वेळ पेन तसंच धरलं. मग लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुंदर नव्हतं. त्या सरांनी फॉर्मावर नजर टाकली, ''गावाकडंच असतात तर मिस्टर. उत्तम,'' म्हणाले, आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

काय शिकवायची ती! दुसऱ्या बॅचची पोरं खिडकीत उभी राहून ऐकायची. लाटांचा धडा शिकवताना ती टेबलावर हात ठेवून सांगायची, आधी बारीक थरथर येते, मग मोठा हादरा, मधे जो वेळ मिळतो तेवढाच आपला. त्या बाकांवर भूकंपातली पोरंही असायची, ती मान खाली घालून ऐकायची. त्या वर्षी तिनं पहिला धडा शिकवला आणि शेवटचाही शिकवला. त्या दिवशी घरी येताना तिनं माझ्यासाठी गजरा आणला होता.

पण एक रकाना खोटा लिहिला की सगळा कागद सांभाळावा लागतो. स्टाफरूममध्ये विचारायचे, ''मॅडम, यंदा सोयाबीन कसं हाय तुमचं?'' मग ती जळकोटला फोन करून दिराला पावसाचं विचारायची. फौजेचा शिक्का असलेली पत्रं क्लासच्या पत्त्यावर नकोत म्हणून माझ्या ऑफिसात यायची. मधल्या सुट्टीत ती धावत यायची आणि टाइपरायटरशेजारच्या स्टुलावर बसून वाचायची. मी खडखड थांबवून भिंतीकडे बघत बसायचे.

नामदेवराव सुट्टीवर आले तेव्हा आम्ही त्यांना पांढरा शर्ट घालायला लावला, आणि क्लासच्या दारात नाही, गल्लीच्या तोंडाशी रसवंतीजवळ उभं राहायला सांगितलं. केसांवरून आणि चालीवरून कुणीही ओळखलं असतं. हसत होते बिचारे. ''अक्का, दुश्मनाला भिऊन कधी लपलो न्हाई, अन् क्लासवाल्याला भिऊन लपून राहिलोय!''

सुनंदा हसली नाही.

त्याच हिवाळ्यात बजेटच्या आधी वकीलसाहेब दरवर्षीसारखं सरकारला सूचनांचं पत्र पाठवणार होते. मी टाइप करत होते, सुनंदा स्टुलावर बसली होती. म्हणाली, ''माझ्यासाठी एक कलम घाल ना अक्का. मी खरं सांगितल्यावरही जो मला ठेवून घेईल, त्याला सूट.'' चेष्टेत म्हणाली, पण मी खरंच घातलं. सगळ्यात शेवटी : सैनिकाच्या पत्नीस नोकरी देणाऱ्या मालकास आयकरात वजावट मिळावी. वकीलसाहेबांनी चष्मा वर करून वाचलं. ''बाई, कायद्यात भावना बसत नाही.''

''भावना न्हाई साहेब, वजावट हाय.''

ते मनापासून हसले आणि लाल पेनानं ती ओळ खोडली. माणूस वाईट नाही. ओळ तेवढी वाईट ठरली. कार्बन कॉपीवर ती अजून शाबूत आहे, माझ्या खणात.

*

पुढच्या वर्षीचा जून. अशाच गाद्या, अशीच गर्दी. नामदेवराव पंधरा दिवसांच्या कोर्सला सिकंदराबादला आले होते, तिथून पुन्हा वर जायचं होतं. माझ्या ऑफिसात त्यांचा फोन आला. ''अक्का, बेस्तरवारी नांदेडला गाडी बदलायची हाय. मधी तीन तास हायेत. तिला सांगा.''

मी सांगितलं. सुनंदाचा चेहरा असा उजळला की बघत राहावं, आणि लगेच विझला. गुरुवारी नव्या बॅचची पहिली परीक्षा होती. सरांनी सगळ्यांना बजावलं होतं, या आठवड्यात रजा मागायची तर राजीनामा बरोबर आणा. सासूच्या आजारपणाचं कारण वापरून झालं होतं, एकदा खरं, एकदा खोटं.

''खरं सांगून टाकू का?'' तिनं विचारलं.

हे तिनं मला विचारलं. दुसऱ्या कुणाला नाही. पिठाचे हात तसेच ठेवून, माझ्याकडे बघत.

आणि मी म्हटलं, ''वेडी हायस का? वर्षभर शेतकरी सांगितलेला नवरा एकदम फौजी निघाला म्हंजे खोटं बोलली म्हणून तरी काढतील, न्हाईतर बदलीच्या भीतीनं तरी. तीन तासांसाठी एवढी जीव लावलेली नोकरी घालवणार? दिवाळीला महिनाभर येणारच हायेत की.''

तिनं परातीतला गोळा पुन्हा मळायला घेतला. मळता मळता म्हणाली, ''मग तू जा अक्का. डबा घेऊन जा.''

पहाटे उठून तिनं धपाटे केले, शेंगांची चटणी केली, दही वेगळं बांधलं. मग साडी नेसून परीक्षेचे पेपर वाटायला गेली. आणि माझी रजा? मी वकीलसाहेबांना सरळ सांगितलं, बहिणीचे मिस्टर फौजेत आहेत, नांदेडला गाडी बदलतायत. ते म्हणाले, ''अहो मग विचारता काय? जा, जा.'' मला खरं बोलता आलं. माझा नवरा नव्हता ना तो.

नांदेडच्या फलाटावर ते वर्दीत उभे होते. कडक इस्त्रीची वर्दी, बूट चमकवलेले. तिच्यासाठीच केलं होतं ते सगळं, हे मला बघताक्षणी कळलं. लग्नापासून तिनं त्यांना कितीदा वर्दीत पाहिलं असेल, आणि लातुरात तर कधीच नाही. मी हात केला. त्यांनी हात केला आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. जिन्यावरून माणसं उतरत होती, ते एकेक माणूस बघत होते.

''ती न्हाई आली, नामदेवराव,'' मी म्हटलं. ''परीक्षा हाय क्लासची.''

''हाव का.'' त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला. ''बरं केलं. तिला शिकवू द्या. लई मुश्किलीनं भेटलंय तिला ते.''

बाकावर बसून त्यांनी डबा उघडला. खाता खाता विचारलं, ''अन् माझी शेती कशी हाय म्हणावं? पाऊसपाणी?'' मी हसले. हसताना मला लाज वाटत होती. धपाटे त्यांनी सगळे संपवले नाहीत, दोन कागदात बांधून खिशात ठेवले, गाडीत खायला म्हणून. नळावर जाऊन डबा धुतला. डब्याची कडी कधीची सैल होती, ती दाबून, वाकवून घट्ट करून दिली. ''रोज डबा नेती ना ती? सांडत आसंल,'' म्हणाले.

तीन तासांतले उरलेले अडीच तास आम्ही दोघांनी काय केलं, मला आठवत नाही. इकडचं तिकडचं बोललो. जिन्यावर पावलं वाजली की ते बोलता बोलता थांबायचे, एवढं आठवतं. गाडी हलली तेव्हाही ते दारात उभे राहून माझ्याकडे नाही, जिन्याकडे बघत होते.

घरी आले तर सुनंदा दारातच बसली होती. ''काय म्हणाले?'' मी सगळं सांगितलं. जिन्याचं सांगितलं नाही. तिनं डब्याची कडी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

*

श्रावणात त्यांचा ट्रक डोंगरातल्या रस्त्यावरून खाली गेला. लढाई नव्हती, गोळी नव्हती. पावसानं खचलेला रस्ता होता. भूकंपात दुसऱ्यांच्या अंगावरची माती काढणारा माणूस मातीखालीच गेला.

जळकोटला तिरंग्यातून आणलं. सगळा तालुका लोटला होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला आणि लातुरात सगळ्यांना कळलं की फिजिक्सच्या मॅडमचे मिस्टर शेतकरी नव्हते.

तेराव्यानंतर तिच्या क्लासचे सर आमच्या घरी आले. मी दारातच कंबर कसून उभी राहिले, खोटेपणाचं काढलं तर काय बोलायचं ते ठरवून. पण ते रडत होते. खरंच रडत होते. ''मॅडम, एवढं लपवायचं काय होतं? आम्हाला अभिमानच वाटला असता.'' मग डोळे पुसून म्हणाले, ''तुमची जागा तुमचीच हाय. आता कायमची समजा. आता बदलीबिदलीचा प्रश्नच न्हाई.''

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, त्यांना कळलंसुद्धा नव्हतं आपण काय बोललो. आठवडाभरात बाकीच्या चारही क्लासांचे निरोप आले. एका शाळेनं राखीव जागा देऊ केली. ज्या गावानं फौजीच्या बायकोला एक वर्ष द्यायला कां-कूं केली, त्या गावानं त्याच्या विधवेला जन्मभराची नोकरी एका आठवड्यात देऊ केली.

सुनंदा भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, ''सर, नवा फॉर्म द्या. आधीचा चुकलाय.''

कायमच्या नोकरीचा फॉर्म आला. पतीचा व्यवसाय या रकान्यात तिनं सैनिक लिहिलं. अक्षर पुन्हा पहिल्यासारखं, वळणदार. कुणी काही विचारलं नाही.

*

ती आजही त्याच क्लासात शिकवते. केस पिकले, चष्मा आला. दरवर्षी पहिला धडा तीच शिकवते, शेवटचाही तीच. तिची पोरं गावोगाव डॉक्टर झालीत, वाटेत भेटली की माझ्यासुद्धा पाया पडतात. डबा तोच नेते. इतक्या वर्षांत त्या गुरुवारबद्दल ती मला एक शब्द बोलली नाही. मी किती वाट पाहिली, एकदा तरी भांडेल म्हणून. भांडली असती तर मी सुटले असते.

परवा मी ते मासिक पदराखाली धरून गल्ली ओलांडली. दारात एक बाप गादी उतरवून घाम पुसत होता. सुनंदा स्टाफरूममध्ये एकटीच होती, डबा उघडून बसली होती. मी मासिक तिच्यापुढे ठेवलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं.

''म्हंजे तुझं खोडलेलं कलम,'' ती म्हणाली.

''हाव.''

तिनं मासिक घडी करून मला परत दिलं. डब्याची कडी लावली. घंटा झाली होती, बाहेर पोरांचे पाय वाजत होते. उठता उठता ती म्हणाली, ''हे तवा असतं तर मी बेस्तरवारची सुट्टी मागितली असती, अक्का.''

मी विचारलं, ''काय सांगून?''

''नवरा येऊन राहिलाय म्हणून,'' ती म्हणाली, आणि खडू घेऊन वर्गावर गेली.